गोड्या पाण्यात मरणारं झाड

ताकारी स्टेशनाच्या अलीकडे, कृष्णेच्या कालव्याला लागून हिंगणवाडी म्हणून एक गाव होतं. त्या गावात आकारामला जो मान होता तो पाटलालाही नव्हता. कुठल्याही मुलीचं लग्न जमवायचं म्हटलं की नवरामुलगा आधी आकारामच्या पुढ्यात आणून बसवायचा. आकाराम त्याला जमीनजुमला विचारत नसे, बैलजोड्या विचारत नसे. तो एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकून पोरगा चालेल की नाही ते सांगून मोकळा व्हायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही अशी.

एकदा जरीचा फेटा बांधून आलेल्या एका पोराला त्याने विचारलं होतं, खोंड औताला कधी धरावं? पोरगा म्हणाला, गडी धरतील तेव्हा. आकारामने तिथल्या तिथे नकार दिला आणि पुढच्याच साली त्या पोराने तमाशाच्या नादात बापाचा मळा घालवला. तेव्हापासून आकारामचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली. तसा त्याचा नेम दोनचारदा चुकलाही होता, पण चुकलेला नेम कोण ध्यानात ठेवतो? नकार दिलेल्यांपैकी एक जण तर पुढे पलटणीत सुभेदार झाला. त्याचं नाव हिंगणवाडीत कुणी काढत नसे.

दुसऱ्यांच्या पोरी उजवताना हे सगळं ठीक होतं. पण आकारामची स्वतःची लेक, शालू, अठराची झाली आणि घरात नवराच येईना. म्हणजे येत होते, पण टिकत नव्हते. एक उत्तर देण्याआधी हसला म्हणून गेला, दुसरा न हसता फार भरभर बोलला म्हणून गेला. आकारामची बायको मनुबाई देवाला हात जोडायची की पुढच्या पोराला योग्य तेवढंच हसण्याची बुद्धी दे.

अशात आकारामची थोरली बहीण अंबूबाई एक स्थळ घेऊन आली. अंबूबाईला मलकापुरात दिलेली होती, कऱ्हाडाजवळ. तिच्या घराशेजारी मानसिंगाचं घर, आणि मानसिंगाचा थोरला जोतीराम बोटीवरच्या फौजेत होता. लढाई संपून वर्ष होत आलं होतं आणि पोरगा धडधाकट सुट्टीवर आला होता. पलटणीतले जवान आपल्याकडे घरोघर आहेत, पण बोटीवरचा माणूस हिंगणवाडीने तोवर पाहिला नव्हता. अंबूबाईने भावाला बजावलं, "पोरगा सोन्यावानी हाय, आकाराम. परश्न इचार, पन जरा माणसासारखा इचार."

पाहुणे आले. शालू पाणी घेऊन बाहेर गेली, खाली मान घालून आत आली. एरवी असा कार्यक्रम झाला की ती परसात जाऊन भांडी अशी घासायची की शेजाऱ्यांना कळावं. त्या दिवशी ती दाराआड उभी राहून बाहेरचं बोलणं ऐकत राहिली. मनुबाईने ते पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पोरीला मुलगा आवडला होता.

मुलगा आवडण्यासारखाच होता. सावळा, बेताचा बोलणारा, समोरच्याकडे सरळ बघणारा. आकारामलाही तो बरा वाटला, आणि म्हणूनच त्याने प्रश्न सोपा काढला. शेतीचं काय विचारायचं बोटीवरच्या माणसाला? म्हणून त्याने विचारलं, "तुमच्या त्या समिंदरात पिकतं काय?"

त्याच्या मनात उत्तर तयार होतं. काही पिकत नाही, मासळी आणि मीठ तेवढं मिळतं, असं पोराने म्हणावं. आपल्या रानात काही येत नाही असं जो उघड सांगतो तो माणूस खरा, असा आकारामचा हिशोब.

जोतीराम जरा थांबला आणि म्हणाला की समुद्रात रानं असतात. मग तो सांगत गेला. खडकाळ किनाऱ्याला कमरेएवढ्या पाण्यात उतरलं की पायाखाली झाडंच झाडं. काही हिरवी, फाटक्या पानासारखी पातळ, काही लाल, काही करडी. जिथवर पाण्यातून ऊन पोचतं तिथवर ती असतात, त्याच्या खाली नाहीत. त्यांना मूळ नसतं. बुडाला पंजा असतो, त्याने दगड घट्ट धरायचा, एवढंच त्याचं काम. पिणं-खाणं सगळं अंगाने चालतं. पानाच्या बगलेत ज्वारीच्या दाण्याएवढे फुगे असतात, त्यात हवा असते, त्यामुळे झाड पाण्यात उभं राहतं. ओहोटीला पाणी गेलं की खडकावर निपचित पडतं, भरती आली की पुन्हा उठून डोलायला लागतं.

सोप्यातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली होती. आकारामने शांतपणे विचारलं की खाऱ्या पाण्यात ती जळत कशी नाहीत. जोतीराम म्हणाला, त्यांच्या अंगातही तसंच खारं पाणी असतं, बाहेर तसंच आत. त्यांना तेच मानवतं.

"उलट ग्वाड पान्यात घातली तर मरत्यात," तो म्हणाला.

आता सोप्यात हशा पिकला. आकाराम मात्र हसला नाही. त्याचं असं होतं की मिठाशी त्याचं जुनं वैर होतं. कालवा नवा आला तेव्हा त्याच्या आजोबांनी उसाला पाणी पाजलं ते अघोरी पाजलं. अति तिथे माती म्हणतात, इथे माती होती तीही गेली. पाण्याने जमिनीतलं मीठ वर आणलं आणि खालचं वावर पांढरंफटक पडलं. आजोबांनी, वडिलांनी आणि आकारामने त्या वावरात शेणखत घातलं, चर खणले, नवस बोलले. दर उन्हाळ्यात आकाराम तिथली चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा आणि थुंकायचा. मीठ झाडाचं काय करतं हे तीन पिढ्या बघितलेल्या माणसाला हा पोरगा सांगत होता की मिठात रानं डोलतात आणि गोड्या पाण्याने झाडं मरतात.

तो उठून उभा राहिला. "मीठ काय करतंय ते मला नगा सांगू. खोटं बोलताना ज्याची पापणी हलत न्हाई, त्याला मी पोर देत न्हाई," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला.

मानसिंग उठला. त्याने पायात वहाणा घातल्या आणि मुलाला घेऊन चालता झाला. चुलीवर पुरण शिजत होतं, ते तसंच राहिलं. अंबूबाई भावाला एवढंच म्हणाली की तुझ्या दारात मी पुन्हा माणूस आणणार नाही, आणि तीही पाहुण्यांच्या मागोमाग गेली.

त्यानंतर घरात कुणी आकारामशी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं, कारण भांडणात तो हटकून जिंकायचा. मनुबाई भाकरी वाढायची आणि पाठ करून बसायची. शालू सगळी कामं रोजच्यासारखी करायची, फक्त जेवायला बसायची नाही, उभ्या उभ्या दोन घास खायची. तिसऱ्या दिवशी बापाच्या ताटात कोरड्यास वाढता वाढता तिने विचारलं, "आप्पा, तुमी समिंदर बगितलाय का?"

आकारामला ठसका लागला. समुद्र त्याने पाहिला नव्हता. मावळतीला तो फार तर हेळवाकपर्यंत गेला होता, तेही बैल आणायला. मीठ पाहिलंय, असं तो म्हणाला. शालूने मान हलवली आणि आत गेली.

आठवडा उलटला असेल. आकाराम मळ्यात पाटाचं दार फिरवत होता. बघतो तर बांधावरून जोतीराम येतोय. खांद्यावर पिशवी नव्हती, हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते तो तान्ह्या पोरासारखं सांभाळून आणत होता. मुलीच्या घरी नवऱ्या मुलाने एकट्याने जायचं नसतं, म्हणून तो परस्पर मळ्यात आला होता. गोणपाट सोडलं तर आत काचेची मोठी बरणी निघाली, लोणच्याची असते तशी. आत पाणी होतं आणि पाण्यात एक करड्या रंगाची फांदी. करवतीसारख्या कडांची पानं, पानांच्या बगलेत बारके बारके गोल फुगे, आणि बुडाशी एका गोट्याला घट्ट धरून बसलेला पंजा.

कुंभार्लीचा घाट उतरून, चिपळुणावरून गुहागरच्या किनाऱ्याला जाऊन त्याने ते आणलं होतं. जाताना मोटार मिळाली, येताना सुक्या मासळीच्या गाडीत बसून आला. त्याच्या कपड्यांना अजून वास येत होता.

"लग्नासाठी आलो न्हाई मी, मामा," तो म्हणाला. "पोरगी देनं न देनं तुमच्या हातात. पन माझ्या बापादेखत मला खोटा म्हनलासा, ते न्हाई सोसत."

मग त्याने बरणीची देखभाल सांगितली. उजेडात ठेवायची, पण दुपारच्या उन्हात नाही. पाणी समुद्राचंच राहू द्यायचं, आपलं घालायचं नाही. झाडाच्या अंगात मीठ आहे, गोडं पाणी त्या मिठाकडे धावतं, आत शिरतं, आणि अंग फुगून फुटतं, असं त्याला बोटीवरच्या एका जाणत्या साहेबाने समजावलं होतं. जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, लपवालपवी न करता. रविवारी वडील वाईकडचं एक स्थळ ठरवून परत येणार होते आणि त्यानंतर दोन दिवसांत त्याला मुंबईला हजर व्हायचं होतं. आकारामने त्याला गुळाचा खडा खायला दिला, पाणी दिलं.

बरणी घरी आली. उजेड हवा म्हणून ती तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली, कारण तिथे सकाळचं कोवळं ऊन पडायचं आणि दुपारी भिंतीची सावली यायची. सगळं गाव बघायला लोटलं. कुणी म्हणालं, हे झाड नव्हे, किडा आहे. कुणी म्हणालं, फुगे मेणाचे आहेत. आकाराम पंचाच्या थाटात कट्ट्याशेजारी बसला होता. त्याने निवाडा दिला की झाड खरं आहे, त्यात वाद नाही, पण ते बिचारं तहानेने व्याकूळ आहे. भिडस्त पाहुणा कसा उपाशी असून पोट भरलं म्हणतो, तसं ते गप बसलंय. कृष्णेचं घोटभर पाणी मिळू दे, मग बघा कसं तरारतं ते. नाहीतर चार दिवसांत आपोआप वाळेल आणि पोराचं खोटं उघडं पडेल.

पण चार दिवसांत आकारामचाच नूर बदलायला लागला. सकाळी कुणी उठायच्या आत तो बरणीपुढे जाऊन बसायचा. ऊन पाण्यात उतरलं की पानांवर मोत्यासारखे बुडबुडे धरायचे, एकेक सुटायचा आणि वर जायचा. ऊन गेलं की बुडबुडे बंद. मेलेल्या झाडाला कुठे ऊन कळतं? शेंड्याला एक नवं पान फुटल्यासारखंही त्याला दिसलं. पोराचंच खरं असेल की काय अशी खुटखुट लागली, पण सगळ्या गावापुढे बोलून बसलेल्या माणसाला असली खुटखुट गिळावीच लागते. मळ्यात जाताना तो मुद्दाम दुसऱ्या दाराने जायला लागला.

त्यानंतरचे दोनतीन दिवस ऊस तोडायचं काम निघालं आणि तो पहाटे जाऊन दिवेलागणीला यायचा. बरणीकडे बघायचं त्याने टाळलं. टाळायला कारण मिळालं म्हणून त्याला बरंच वाटलं.

रविवारी सकाळी मनुबाईच्या रडण्याने तो जागा झाला. ती तुळशीच्या कट्ट्यापुढे बसून पदरात तोंड घालून रडत होती. तुळस माना टाकून उभी होती. पानं करपलेली, अर्धी गळून खाली पडलेली. आणि शेजारी बरणीतली फांदी कुजून बुळबुळीत झाली होती. रंग उतरला होता, फुगे बसले होते, पाणी गढूळ होऊन वास मारत होतं.

"काय केलंस?" आकारामने विचारलं.

मनुबाईने पदराने डोळे पुसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रोज सकाळी न्हाऊन ती तुळशीला पाणी घालायची. तुळशीला घालायचं आणि शेजारच्याला कोरडं ठेवायचं, हे तिला बघवेना. पोराने मळ्यात बजावलेलं तिला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यात घरधनी स्वतःच सांगत होता की झाड तहानलेलं आहे. म्हणून तिने पहिल्यांदा एक ओंजळ घातलं, मग तांब्याभर, मग रोज दोन तांबे. माझ्या शालूचं त्याच घरी जमू दे, असं म्हणत घातलं. बरणी भरून वाहायची, पाणी तुळशीच्या आळ्यात जायचं, तेवढंच तुळशीला जास्त मिळालं म्हणून तिला बरं वाटायचं. आता तुळसही गेली आणि पोराने आणलेलं झाडही गेलं. हा सगळा अपशकुन आपल्या हातून झाला आणि पोरीचं नशीब आपणच बुडवलं, असं म्हणून ती पुन्हा रडायला लागली.

आकाराम कट्ट्यावर बसला. तुळशीच्या आळ्यात मातीवर पांढरी साय धरली होती. ती त्याच्या ओळखीची होती. त्याने चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली. खारट. मग बरणीत बोट बुडवून चाखलं. घाण वास, पण खारटपणा जवळपास गेलेला. त्याने पुन्हा माती चाखली, पुन्हा पाणी चाखलं. तुळस मिठाने मेली होती. समुद्राचं झाड कृष्णेच्या पाण्याने मेलं होतं. एका कट्ट्यावर, एकाच तांब्याने.

पोरगा अक्षर न् अक्षर खरं बोलला होता.

आणि गंमत अशी की आकारामला वाईट वाटायच्या आधी हलकं वाटलं. कितीतरी दिवस छातीवर ठेवलेलं जातं कुणी उचलून बाजूला ठेवावं, तसं हलकं. आपण चुकलो, एवढंच तर होतं. चुकलो म्हणायला काय लागतं हे त्याने आजवर करून पाहिलं नव्हतं म्हणून त्याला ते अवघड वाटत होतं. तो मनुबाईला म्हणाला, "रडू नगंस. तू न्हाई बुडवलं. तू त्या पोराचा साक्षीदार हुबा केलास."

मनुबाईला यातलं ओ की ठो कळलं नाही. शालूला कळलं. ती आतून बापाचा फेटा घेऊन आली आणि म्हणाली की कऱ्हाडाकडची गाडी ताकारीला यायची वेळ झालीय.

आकारामने बरणीला फडकं बांधलं आणि निघाला. गाडीच्या डब्यात त्याच्या आजूबाजूची माणसं एकेक करून दुसऱ्या बाकावर गेली. एका म्हातारीने नाकाला पदर लावून विचारलं की त्यात काय मेलंय. माझा शहाणपणा, असं आकाराम म्हणाला. म्हातारीने तिकडे बघायचंच सोडलं.

कोयनेचा पूल ओलांडून तो मलकापुरात पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंबूबाई दारातच भेटली. तिने भावाकडे बघितलं, बरणीकडे बघितलं आणि काही न विचारता शेजारच्या घरी घेऊन गेली. जोतीराम ओसरीवर ट्रंक आवरत होता. मानसिंग वाईहून यायचा होता. आकारामने फडकं सोडून बरणी पोरापुढे ठेवली आणि घडलेलं सगळं सांगितलं. तुळशीचंही सांगितलं. जोतीरामने कुजलेली फांदी पाहिली आणि त्याला हसू आलं, मग आवरलं, मग पुन्हा आलं. एक झाड गेलं तर त्याने काही बिघडत नाही, असं तो म्हणाला. पण बापाने वाईत शब्द दिला असेल तर तो आपल्याला मोडता येणार नाही.

तेवढ्यानेच आकारामच्या तोंडचं पाणी पळालं. मोटार यायला उशीर होता. तो ओसरीवर बसून राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या निकालाची वाट बघत बसणं काय असतं ते त्याला कळलं. त्याच्या पुढ्यात बसलेली कितीतरी पोरं त्याला आठवली. खोंडाचं उत्तर चुकलेल्याची चूक खरी होती, पण बाकीच्यांचं काय?

मानसिंग आला. ओसरीवर कोण बसलंय ते बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. हातपाय धुऊन तो समोर टेकला. वाईला शब्द दिलात का, एवढंच आकारामने विचारलं.

मानसिंगाने फेटा उतरवून बाजूला ठेवला. मग त्याने सांगितलं की वाईच्या पाहुण्यांनी देण्याघेण्याची सगळी बोलणी मान्य केली होती. उठता उठता मानसिंगालाच वाटलं की मुलाबद्दल काही झाकून ठेवू नये. म्हणून त्याने सांगून टाकलं की आमचा पोरगा समुद्रात झाडं उगवतात म्हणतो आणि एकाने त्याला त्यापायी खोटा ठरवला, तुमचं काय म्हणणं? तर तो मुलीचा बाप म्हणाला, उगवत असतील, नसतील, आपल्याला काय करायचंय.

"खरं-खोटं ज्याला एकच हाय, त्याच्या दारात माझं पाऊल हुबं ऱ्हाईना," मानसिंग म्हणाला. "तुमी निदान भांडलासा तरी. शब्द न्हाई दिला मी."

आकारामने डोळे मिटले आणि उघडले. मग तो जे सांगायला आला होता ते त्याने सांगितलं. मानसिंगाची एकच अट होती. ज्या माणसांदेखत मुलाला खोटा म्हटलं त्याच माणसांदेखत खरा म्हणायचं. आकाराम म्हणाला की उद्याच चला.

दुसऱ्या दिवशी हिंगणवाडीतला तोच सोपा, तीच माणसं. आकारामने बरणी मध्ये ठेवली आणि तुळशीची करपलेली काटकीही ठेवली. आधी लोक हसले, मग ऐकता ऐकता गप झाले. शेवटी आकाराम म्हणाला, "ह्यो पोरगा खरा. मी समिंदर न बगता बोललो." एवढं बोलायला त्याला वाटलं होतं तितका त्रास झाला नाही. मागच्या बाकीच्या पोरांच्या बाबतीतही माझं चुकलं असेल तर माफी करा, असंही तो म्हणून गेला, तेव्हा ज्यांच्या पोरींची स्थळं त्याने मोडली होती ते गावातले दोन बाप एकमेकांकडे बघत राहिले.

अंबूबाईने कुंकवाचा करंडा पुढे सरकवला. साखर आली. मानसिंगाने पिशवीतून नारळ काढला. आणि नेमक्या त्या वेळी आकाराम पुन्हा उभा राहिला.

"थांबा जरा," असं म्हणून तो आत गेला.

आता काय काढलं ह्या माणसाने, असं अंबूबाई मोठ्यानेच पुटपुटली.

शालू मागच्या दाराशी उभी होती. आकाराम तिच्यासमोर आला. काल गाडीत बसल्यापासून एक गोष्ट त्याच्या मनातून जात नव्हती. पंजाने दगड धरून, आपल्या पाण्यात सुखात डोलणारं झाड उपटून इथे आणलं आणि ते मेलं. कुणी त्याचं वाईट चिंतलं नव्हतं, उलट मायेनेच पाणी घातलं होतं. आणि त्याला एकदम उमगलं की शालूसाठी आलेल्या पोरांमध्ये तो खोट काढत होता ती आपली लेक दूर जाऊ नये म्हणून. ह्या पोराला तर बोटीवरची नोकरी. उद्या तो हिला मुंबईला नेणार. आकारामला भीती वाटत होती आणि ती सांगायची लाज वाटत होती.

तरी त्याने सांगितली. म्हणाला, "शालू, तिथलं पानी येगळं. ते झाड बगितलंस न्हवं? तुला ऱ्हावंल का गं तिथं? न्हाई म्हनालीस तर आत्ता जाऊन सांगतो. माझी काय इज्जत जायची ती जाऊ दे."

शालूने बापाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"आप्पा, त्या झाडाला कुनी इचारलं न्हवतं," ती म्हणाली. "मला तुमी इचारलंसा. मी जाते."

आकारामने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग धोतराच्या सोग्याने तोंड पुसून बाहेर आला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. हिंगणवाडीच्या त्या सोप्यात किती लग्नं ठरली असतील, पण तिथे आजवर कुणी न बोललेलं एक वाक्य तो बोलला.

"पोरगी व्हय म्हनती," तो म्हणाला, आणि साखरेचं ताट मानसिंगापुढे धरलं.